सगळे नावाचा माणूस

१

चोराचं नाव आम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. सर्व्हरच्या नोंदीत ओळीमागून ओळ स्वच्छ लिहिलेलं होतं. फाइल पुसली. कोणी? ‘सगळे’ यांनी.

हे ‘सगळे’ कोण, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण ते नाव मीच ठेवलं. पंचेचाळीस वर्षं मी तारा ओढतोय. एकदा तर इतकी लांब केबल ओढली की दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा तिथं मीच उभा होतो आणि मला म्हणत होतो, काय हो, किती उशीर. माझ्या अशा गोष्टींमुळे लोक मला थापाडेकाका म्हणतात. मी रागावत नाही. पण पुढे जे सांगतोय त्यात थाप नाही, असती तर बरं झालं असतं.

आमचं रेकॉर्डिंगचं ऑफिस अगदी लहान. तीन खोल्या, एक जिना, आणि जिन्याखाली ज्याला मी सर्व्हर म्हणतो ते राखाडी खोकं. इथं गाणी होत नाहीत. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार असतो अशी माणसं ऑपरेशनआधी इथं येतात आणि कागदावरची सहाशे बारा वाक्यं वाचतात. त्या वाक्यांवरून दूरची एक कंपनी त्यांचा आवाज यंत्रात भरून देते. मग माणूस बोटानं लिहितो आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. वाक्यं इथून तिथं जायची ती माझ्या खोक्यातून. ज्याला पाठवायचं त्यानं ठेवायचं, ज्याला घ्यायचं त्यानं उचलायचं.

खोकं बसवलं तेव्हा प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, कुणी फक्त बघायचं, कुणाला पुसायचीही मुभा, असं सगळं करता आलं असतं. मी केलं नाही. आधीच्या एका ठिकाणी वेगवेगळी नावं दिली होती तर रोज एकजण पासवर्ड विसरायचा आणि मला फोन यायचा. म्हणून इथं एकच नाव ठेवलं, ‘सगळे’. एकच पासवर्ड. सगळ्यांना सगळ्याची मुभा. मोठ्या ऐटीत मॅडमना म्हणालो होतो, “आता कुणाचं कुणावाचून अडायचं नाही.”

दर सोमवारी सकाळी कंपनीवाले आमचा फोल्डर उघडतात आणि संमतीपत्रासकट तयार असेल ते घेऊन जातात, दुसऱ्या दिवशी पहिला नमुना पाठवतात. त्या सोमवारी त्यांचा फोन आला. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या फोल्डरात एकच कागद आहे म्हणाले, नवऱ्याच्या सहीचं संमतीपत्र. ‘माझ्या पत्नीचा आवाज वापरण्यास आमची हरकत नाही.’

आवाज मात्र नव्हता. सहाशे बारापैकी एकही वाक्य नव्हतं. आणि बाईंचा घसा ऑपरेशनमध्ये जाऊन महिना होत आला होता.

२

“दुसरी प्रत?” मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांचा आवाज नेहमी चढा असतो, त्या दिवशी एकदम खाली आला होता.

“आहे,” मी म्हणालो. “होती. दुसरी प्रत आरशासारखी आहे. इकडे ठेवलं की तिकडे दिसतं.”

“आणि इकडे पुसलं की?”

आरसा मीच बसवला होता.

रेकॉर्डिंगच्या मशिनवरही काही उरलेलं नव्हतं. लोकांचे खासगी आवाज पडून राहू नयेत म्हणून दर शनिवारी तिथलं सगळं साफ करायचं, हा मॅडमचाच नियम. सगळ्यांनी आपापलं काम नेमून दिल्याप्रमाणे चोख केलं होतं. म्हणूनच काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून कानताई बाहेर आल्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. आलेला प्रत्येक आवाज ऐकायचा, खरखर, फटफट, पंख्याची घुमघुम असली तर सांगायचं, आणि ठीक असला तर ‘पास’ म्हणायचं, हे त्यांचं काम. भिंतीपलीकडे कुणी कुठल्या खिशात हात घातला ते त्या सांगतात. यात मी थोडी भर घातली असेल, पण थोडीच.

“कुलूपवाले जिना चढतायत,” त्या म्हणाल्या. “डावा पाय ओढत. दमलेत.”

बाईंचे यजमान आले. त्यांचं कुलपांचं दुकान आहे, बोटांना कायम तेल. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. ते माझ्याकडे वळले.

“म्हणजे एकाच किल्लीनं सगळी दारं उघडतात? आणि ती किल्ली तुम्ही सगळ्यांना वाटलीत?”

“सोयीसाठी.”

“माझ्या धंद्यात असं केलं असतं तर लोकांनी मला दुकानातून ओढून काढलं असतं.”

“घरी आणखी कुठं असेल ना त्यांचा आवाज?” मॅडमनी विचारलं. “लग्नाचं शूटिंग, फोनवरचे निरोप?”

“शूटिंगमध्ये नुसता बँड ऐकू येतो. फोनवर ती निरोप ठेवायचीच नाही, म्हणायची समोर येऊन बोलेन.” त्यांनी तेलकट हात मांडीला पुसले. “तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. उद्या चारला तिला इथं यायचंय. पहिला नमुना ऐकायला. महिनाभर तेवढ्या एकाच गोष्टीवर तगून आहे. रोज लिहून विचारते, किती दिवस राहिले.”

“आज ऑफिस बंद व्हायच्या आत,” कानताई म्हणाल्या, “हे कुणी केलं ते मी सांगेन. ज्यानं पुसलं त्यानं आधी उचलून ठेवलं असेल तर आवाज अजून कुठंतरी असेल. तेवढी एकच आशा आहे. थापाडेकाका, तुम्ही माझ्याबरोबर बसा.”

“मी? माझ्यावर संशय नाही?”

“तुमच्यावरच सगळ्यात जास्त आहे. म्हणून तर जवळ बसा म्हणतेय.”

३

पहिला आला घुम्या. आमचा रेकॉर्डिस्ट. दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले आठ “हं”.

“तुला शिवणवाल्या वहिनी आठवतात?” कानताईंनी विचारलं.

“हं.”

“शेवटच्या दोन दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा चालू होता. मला ऐकू आलं होतं. पुढं कळलं असतं तर तुझी नोकरी गेली असती.”

मग त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण त्यानं केलं. “त्यांना घाम येत होता. थरथरत होत्या. पंखा बंद केला तर वाचता येईना. मी चालू ठेवला. नंतर एडिटिंगमध्ये कात्रीला सांगून घुमघुम काढून घेतली. तुम्ही पास केलंत. मग मी कशाला पुसू?”

“खरंय. पास मीच केलं.” हे म्हणताना कानताईंचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना चापट मारली. मला कारण कळलं नाही. “अजून काही?”

“मधे मधे गप्पा मारायच्या. छान बोलायच्या. म्हणाल्या, तुझ्या शर्टाची बाही उसवलीय, आण, शिवून देते.” तो उठला. दारात थांबला. “मी पुसलेलं नाही, ताई. पण नवरा जिन्यात काय म्हणाला ते कात्रीला विचारा.”

४

कात्री म्हणजे आमची एडिटर. बाईमाणूस, तिशीची, जिभेनंही तेवढीच धारदार. वाक्याच्या मागचापुढचा श्वास, खाकरणं, खुर्चीची करकर, गप्पा, सगळं कापून नुसतं वाक्य ठेवायचं हे तिचं काम. महिनाभरापूर्वी मॅडमशी कडाक्याचं भांडण करून तिनं राजीनाम्याचं पत्र दिलं होतं.

“मला माहितेय तुम्ही काय विचारणार,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “जाता जाता मॅडमची जिरवली का. नाही. जिरवायची असती तर त्यांच्या खुर्चीला डिंक लावला असता. आजारी बाईचा आवाज कशाला पुसू?”

“वाक्यं कापताना तू ऐकतेस?”

“ऐकते कसली. रोज हजार तुकडे असतात. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते ना, उंच झाली की बोलणं, सपाट झाली की शांतता. बघून कापते.”

“आणि घुम्या?”

“तो एकदा रेकॉर्ड केलं की परत ऐकत नाही. मॅडमना तर फोनवरचंही शेवटपर्यंत ऐकायला वेळ नसतो.”

“जिन्यात कुलूपवाले काय म्हणाले होते?”

कात्रीनं आवाज खाली आणला. “ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. बाई खाली रिक्षात बसल्या होत्या, हे एकटेच जिन्यात उभे. मला म्हणाले, हिच्या आवाजात एखादं यंत्र घरात बोलायला लागलं तर मी घर सोडून जाईन.” तिनं माझ्याकडे बघितलं. “आणि संमतीपत्र खोक्यात ठेवता यावं म्हणून पासवर्डचं कार्ड त्यांना कुणी दिलं, काका?”

मीच दिलं होतं.

५

कुलूपवाले बाहेरच बसले होते. कानताईंनी त्यांना आत बोलावलं आणि जिन्यातलं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं.

“म्हणालो होतो,” ते म्हणाले. नाकारलं नाही, भडकलेही नाहीत. “त्या दिवशी म्हणालो होतो. मग ती घरी आली, गळ्याला भोक, हातात पुसायची पाटी. मी दुकानात निघालो की पाटीवर काहीतरी लिहायला लागते आणि ते लिहून होईपर्यंत मी जिना उतरलेलो असतो. दोन दिवसांत कळलं मला. आता ते यंत्र शिव्या देत आलं तरी चालेल.”

“संमतीपत्र खोक्यात कधी ठेवलंत?”

“मागच्या सोमवारी संध्याकाळी. घरच्या कॉम्प्युटरवरून. काकांच्या कार्डावर बघून बघून. हिनं शेजारी बसून बघितलं.”

“कार्ड?”

“तिथंच असेल, कॉम्प्युटरपाशी.”

कानताई माझ्याकडे वळल्या. “आता नोंद वाचा, काका. माझं यंत्र वाचून देईल, पण ते सगळं एकाच सुरात वाचतं. तुम्ही कुठं अडखळता ते मला ऐकायचंय. आणि पदरचं काही घालायचं नाही.”

नोंद कुठल्या कॉम्प्युटरवरून झाली ते मी लिहून ठेवायला हवं होतं. ओळ फार लांब होते म्हणून मी तो रकाना काढून टाकला होता. उरलं होतं ते नाव आणि वेळ. नाव सगळीकडे एकच.

मी वाचायला लागलो. मंगळवार, सकाळी दहा वाजून चार मिनिटं. फाइल सहाशे बारा उघडली. नऊ सेकंदांनी पुसली. सहाशे अकरा उघडली. सहा सेकंदांनी पुसली. सहाशे दहा...

“थांबा. सहाशे बारा? सुरुवात शेवटच्या वाक्यापासून?”

“हो. उलटं चाललंय. सहाशे बारा, अकरा, दहा.”

“आणि वेळ? सहाशे दहा किती लांबीचं वाक्य आहे?”

मी यादी बघितली. लांब वाक्य होतं, अकरा सेकंदांचं. पुसायला तेरा सेकंद लागले होते. पुढचं चार सेकंदांचं, पुसायला सहा. वीसेक वाक्यं पडताळली. प्रत्येक वेळी वाक्याची लांबी, वर एक-दोन सेकंद.

“म्हणजे पूर्ण ऐकून मग पुसलंय,” मी म्हणालो.

“प्रत्येक. आमच्यात कुणी असं ऐकत नाही. चोर तर नाहीच नाही. चोरानं सगळी एका झटक्यात पुसली असती.”

मी वाचत राहिलो. पाचशे सत्त्याऐंशीपाशी माझी जीभ अडखळली. “ही उघडली. पुसली नाही. परत उघडली. परत. परत...” मी मोजलं. “अकरा वेळा उघडली. मग पुसली.”

“कुठलं वाक्य?”

शेवटची पन्नास वाक्यं ज्याची त्यानं निवडायची असतात, घरात रोज लागणारी. मी यादीवर बोट ठेवून वाचलं, “अहो, किल्ल्या घेतल्या का?”

कुलूपवाल्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. “रोज सकाळी,” ते म्हणाले. “बावीस वर्षं. मी रोज विसरतो.”

दारात उभी असलेली कात्री पुटपुटली, “बघा. यांनीच. दुसरं कोण अकरा वेळा ऐकेल?”

६

“तुम्ही जेवायला घरी येता का?” कानताईंनी त्यांना विचारलं.

“येतो. एक ते तीन. मग रात्री आठला.”

“काका, दुपारी एक ते तीन काही पुसलंय?”

मी चारही दिवस बघितले. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. प्रत्येक दिवशी एकला दहा-पंधरा मिनिटं राहिली की थांबलं होतं, तीननंतर परत सुरू. संध्याकाळी सहाच्या पुढे काहीच नाही.

“गुरुवारी?”

“गुरुवारी एकही नाही.”

“दुकान कुठल्या वारी बंद असतं?”

“गुरुवारी,” कुलूपवाले म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडला तसे ते खुर्चीत मागे सरकले.

कानताई अगदी हळू बोलत होत्या. “ज्यानं पुसलं तो तुम्ही घरात असताना थांबत होता. तुम्ही गेलात की बसत होता. ते कार्ड तुमच्या घरी आहे. कॉम्प्युटर तुमच्या घरी आहे. तुम्ही नसताना घरात कोण असतं?”

“तिनं? स्वतःचं? वेड लागलंय का तुम्हाला? ती दिवस मोजतेय.”

“मला एवढंच सांगा. शिवताना काम बिघडलं तर वहिनी काय करतात?”

“उसवते. खोटा टाका तिला चालत नाही. गिऱ्हाइकाला दिसत नसला तरी उसवते. शेवटच्या टाक्याची गाठ कापायची आणि तिथून मागे मागे...”

ते थांबले. कात्रीनं दाराची चौकट धरली. सहाशे बारा, सहाशे अकरा, सहाशे दहा.

“पण त्यात बिघडलेलं काय होतं?” मी विचारलं. “ताई, तुम्हीच तर पास केलं होतंत.”

“हो. खरखर नव्हती, फटफट नव्हती, पंखाही निघून गेला होता. मी पास म्हटलं.” त्यांनी मान वळवली, जणू कुणी त्यांच्याकडे रोखून बघत होतं. “वहिनी वाचत होत्या तेव्हा घाबरलेल्या होत्या. शेवटच्या दिवशी तर प्रत्येक शब्द घशाला घट्ट धरून बाहेर येत होता. ‘किल्ल्या घेतल्या का’ असं विचारत होत्या आणि ऐकू येत होतं की ही बाई उद्या मरेन म्हणून घाबरलीय. मला पहिल्या वाक्यापासून ऐकू आलं होतं. माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. मी कुणाला बोलले नाही. त्यांनी घरी बसून ऐकलं. तो आवाज त्यांना जन्मभर बोलायला नको होता. म्हणून न घाबरलेली जागा शोधत त्या मागे मागे गेल्या. पहिल्या दिवशीच्या पहिल्या वाक्यापर्यंत गेल्या. ती कुठंच सापडली नाही.”

“पण पुसायचं कशाला?” कुलूपवाले म्हणाले. “नुसतं सांगायचं तरी.”

“ते कार्ड काय म्हणतं, काका? त्यावर काय लिहिलंत?”

मला पाठ होतं. पासवर्डच्या खाली मीच झोकदार अक्षरात लिहिलं होतं : ऐका. खटकेल ते काढा.

आमच्या ऑफिसात ‘काढा’ म्हणजे वेगळं काढा. ‘वेगळं’ नावाचा फोल्डर आहे, संशयाचं वाक्य उचलून त्यात ठेवायचं, मग कानताई परत ऐकतात. आम्हा पाच माणसांना हे पक्कं ठाऊक. बाहेरच्या माणसाला ‘काढा’ म्हटलं तर तो काय करेल, हे मला कधी सुचलंच नाही. कार्ड छापून घेताना मी स्वतःवर खूश होतो. चार शब्दांत काम केलं म्हणून.

“आणि त्यांना वाटलं असणार,” कानताई म्हणाल्या, “मूळ कापडाचं ठाण दुकानात, म्हणजे आपल्याकडे, आहेच. त्यांच्याकडे होता तो बेतलेला तुकडा. तुकडा बिघडला तर ठाणातून दुसरा कापता येतो.”

कुलूपवाल्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, बघितला, परत ठेवला. “उचलून कुठं ठेवलेला नाही तर.”

“नाही, उचलल्याची नोंद नाही,” मी म्हणालो. “ऐकला आणि पुसला. घरीही काही नाही.”

“उद्या चारला,” ते म्हणाले, “मी तिला घेऊन येतो. माझ्यानं घरी सांगवणार नाही.”

७

त्या आल्या तेव्हा गळ्याला फिकट निळा रुमाल होता, टोकं बारीक टाक्यांनी दुमडलेली. खुर्चीत बसल्या, पाटी मांडीवर घेतली, आणि पिशवीतून एक लहानशी कापडी थैली काढून टेबलावर ठेवली. गळ्यात अडकवायला लांब पट्टा, पुढं आवाज बाहेर यायला जाळीची खिडकी, आतून अस्तर. यंत्रासाठी. माप कंपनीच्या माहितीपत्रकावरून घेतलं होतं.

अडचण अशी होती की एकीला दिसत नव्हतं आणि दुसरीला बोलता येत नव्हतं. मधे मी बसलो. त्यांनी लिहायचं, मी वाचून दाखवायचं.

“वहिनी,” कानताई म्हणाल्या, “वाक्यं तुम्ही काढलीत ना?”

त्यांनी मान हलवली, मग लक्षात येऊन पाटीवर लिहिलं. मी वाचलं, “हो. रागावू नका. सगळी खराब आली होती. कार्डावर लिहिलं होतं म्हणून काढली.”

“खराब म्हणजे घाबरलेली.”

त्या नवऱ्याकडे बघून जरा हसल्या, चोरी पकडल्यासारख्या. लिहिलं. “यांना सांगू नका म्हणणार होते. यांना वाटेल मी भित्री.”

“मी इथंच बसलोय,” नवरा म्हणाला.

त्यांनी भराभर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मी वाचत गेलो. “मधे आम्ही गप्पा मारत होतो ना, तो मुलगा आणि मी. माईक चालूच होता. तेव्हा मी घाबरले नव्हते. त्यातलं घ्या. शर्टाच्या बाहीचं बोलले होते ते छान आलं असेल.”

घुम्या भिंतीला टेकून उभा होता. त्यानं कात्रीकडे बघितलं. कात्री म्हणाली, “त्या गप्पा मी कापल्या, वहिनी. वाक्याच्या आजूबाजूचं सगळं कापायचं असतं. बघितलंसुद्धा नाही त्यात काय होतं.”

बाईंनी तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं. राग दिसला नाही. कापड वाया गेल्यावर कामाचं माणूस करतं तसा दुसरा हिशोब त्या मनात करत असाव्यात. पेन उचललं, सावकाश लिहिलं, आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

मी वाचलं, “बरं. मग घाबरलेलाच द्या. माझाच आहे तो. मला सवय होईल.”

आणि थैली बोटानं टेबलावर पुढं सरकवली, आम्ही माप बघून घ्यावं म्हणून.

मॅडम खिडकीकडे वळल्या. मी तोंड उघडलं. पंचेचाळीस वर्षांत कधी शब्दांना कमी पडलो नव्हतो, आणि त्या वेळी एक शब्द सापडेना. कानताईंनी हात पुढं केला, थैली चाचपडली, जाळीच्या खिडकीवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

शेवटी बोलले कुलूपवाले. त्यांनी खुर्ची ओढून बायकोसमोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि तिच्याच धंद्यातला शब्द वापरला.

“ठाण नव्हतंच गं,” ते म्हणाले. “तुझ्याकडे होतं तेच सगळं कापड होतं.”

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तोंडाचा आकार नीट दिसला तर वेगळं काही ऐकू येईल अशा आशेनं माणूस बघतो तशा. मग एक हात वर गेला आणि निळ्या रुमालावर थांबला.

पाटीवर पेन टेकल्याचा बारीक आवाज झाला आणि थांबला.

“काय लिहितायत?” कानताईंनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.